बायोडिझेल टाकलं की धूर जातो का?

कराडला आमचं पंप-नोझलचं, म्हणजे डिझेल इंजिनात इंधन ढकलणारा पंप आणि ते फवारणारं नोझल दुरुस्त करायचं, वर्कशॉप आहे, हायवेपासून फार लांब नाही. इथं येणारा गाडीवाला दोन तक्रारी घेऊन येतो. एक, गाडी ओढत नाही. दोन, गाडी काळं मारते. बहुतेक वेळा दोन्ही तक्रारी एकाच गाडीच्या असतात. गेली काही वर्षं त्यांच्या मागोमाग तिसरी गोष्टही येते, "मिस्त्री, बायोडिझेल टाकलं की धूर जातोय म्हणत्यात. खरं का?"

बायोडिझेल म्हणजे वनस्पतीच्या किंवा तळून उरलेल्या तेलावर प्रक्रिया करून केलेलं इंधन. ते म्हणणं अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हे लिहायला घेतलं, कारण कानात पेट्रोमॅक्ससारखा टेस्टरचा आवाज चालू असताना उभ्या उभ्या हे समजावून सांगणं होत नाही.

आधी काळा धूर येतो कुठून ते बघू. आमच्याकडे नोझल काढून आणलं की पहिल्यांदा ते हँडटेस्टरवर लावतात. दांडा हळूहळू खाली दाबायचा, काटा चढत जातो, आणि ठरलेल्या दाबाला नोझल सुटतं. चांगलं नोझल सुटलं की प्रत्येक भोकातून सारखी, बारीक वाफेसारखी फवारणी होते आणि कर्र असा खणखणीत आवाज येतो. खराब झालेलं नोझल पिचकारी मारतं. एका भोकातून धार, दुसऱ्यातून काहीच नाही, आणि दांडा सोडल्यावर टोकाला एक थेंब लोंबत राहतो. तो थेंब म्हणजेच तुमचा काळा धूर. सिलिंडरमध्ये जाड थेंब गेला की त्याच्या आतपर्यंत हवा पोचत नाही, बाहेरचं जळतं, आतलं करपतं. ती काजळी सायलेन्सरमधून बाहेर.

हवा कमी पडली तरी तेच. एअर फिल्टर ऊसवाहतुकीच्या हंगामात धुळीनं भरतो आणि मालक तो झटकून परत बसवतात. इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या टर्बोचा रबरी पाइप क्लिपपाशी चिरलेला असतो. पंपाचा मॅक्स स्क्रू कुणीतरी "जरा पॉवर यावी" म्हणून फिरवून ठेवलेला असतो, म्हणजे हवा तेवढीच आणि डिझेल जास्त. मग दहा टनाच्या गाडीत सोळा टन भरून कुंभार्ली घाट चढायला काढली की मागच्या गाड्यांना रस्ता दिसत नाही.

यातलं एकही दुखणं बायोडिझेलनं बरं होत नाही. फुटलेला पाइप फुटलेलाच राहतो.

पण गाडी नीट असेल तर फरक पडतो, आणि तो का पडतो हे मला आवडतं, कारण त्यात जादू काही नाही. साध्या डिझेलच्या रेणूत ऑक्सिजन जवळपास नसतोच, बायोडिझेलमध्ये वजनानं सुमारे 11 टक्के असतो. फवारणीच्या मधोमध, जिथं बाहेरची हवा पोचत नाही, तिथं हा आतला ऑक्सिजन कामाला येतो आणि काजळी कमी धरते. शिवाय डिझेलमधले अॅरोमॅटिक्स, ज्यांची काजळी लवकर होते, ते यात नसतात.

आकड्यात बोलायचं तर अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं, म्हणजे ईपीएनं, 2002 मध्ये तोवरच्या चाचण्या एकत्र करून एक अहवाल काढला होता. जड वाहनांच्या इंजिनात 20 टक्के बायोडिझेल मिसळलं, ज्याला बी20 म्हणतात, तर कणरूप धूर साधारण 10 टक्क्यांनी, कार्बन मोनॉक्साइड 11 टक्क्यांनी आणि न जळलेले हायड्रोकार्बन 21 टक्क्यांनी कमी. शंभर टक्के बायोडिझेलवर कणरूप धूर जवळजवळ निम्म्यावर. ती इंजिनं जुन्या पिढीची होती, म्हणून आपल्याकडे अजून धावणाऱ्या मेकॅनिकल पंपाच्या टाटा-लेलँडसाठी मी ते आकडे अंदाजानं धरतो. आता बघा, 10 टक्के. मागच्या स्कूटरवाल्याला 10 टक्क्यांचा फरक डोळ्यांनी कळेल का? नोझल बदलल्यावर जो फरक पडतो तो मात्र आंधळ्यालाही वासानं कळतो.

पीयूसीच्या मशिनवर मात्र 10 टक्क्यांना किंमत आहे. डिझेल गाडीला न्यूट्रलमध्ये फुल रेस देऊन धुराची घनता मोजतात. बीएस-4 या प्रदूषण मानकाच्या आधीच्या गाडीला 2.45 पर्यंत चालतं, बीएस-4 ला 1.62. जी गाडी काठावर अडकली आहे ती मिश्रणानं पार होईल. (जिथं पाइपात नळीच न घालता कागद हातात मिळतो, तिथं पाण्यावर चालणारी गाडीही पास होईल. ते सोडा.)

आता न दिसणारी बाजू. त्याच अहवालात नायट्रोजन ऑक्साइड बी20 वर 2 टक्क्यांनी आणि शंभर टक्क्यांवर 10 टक्क्यांनी वाढल्याचं आहे. पंपवाल्याला याचं एक कारण लगेच पटतं. बायोडिझेल डिझेलपेक्षा कमी दबतं. लाइन पंपात, म्हणजे जुन्या मेकॅनिकल पंपात, प्लंजरनं (आतल्या दट्ट्यानं) ढकलल्यावर दाबाची लाट पाइपातून नोझलपर्यंत थोडी आधी पोचते आणि नोझल थोडं आधी उघडतं. म्हणजे हात न लावता टायमिंग किंचित अॅडव्हान्स झालं. आत उष्णता वाढते, नायट्रोजन ऑक्साइडही वाढतात. कॉमन रेलमध्ये, म्हणजे नव्या गाड्यांत जिथं सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून दाबाखालचं डिझेल मिळतं, तिथं रेलमधला दाब कायम असतो आणि उघडायचं कधी ते कॉम्प्युटर ठरवतो, त्यामुळं तिथं हे कारण तसं लागू होत नाही. हा वायू काळा नाही म्हणून कुणी त्याची तक्रार घेऊन आमच्याकडे येत नाही, एवढंच.

अॅव्हरेजचं विचाराल तर, एका लिटरमागं बायोडिझेलमध्ये उष्णता साधारण 8 ते 10 टक्के कमी. बी20 मध्ये ती घट 2 टक्क्यांच्या आत येते. चारचं अॅव्हरेज देणारी गाडी 300 लिटरच्या टाकीत 1200 किलोमीटर जाते, त्यातले फार तर 24 गेले. ड्रायव्हर "पिकअप पार गेला" म्हणतो तेव्हा त्या 2 टक्क्यांपेक्षा फिल्टरवर आधी संशय घ्यावा.

आणि फिल्टर हा खरोखरच मोठा विषय आहे. बायोडिझेल चांगलं विरघळवणारं आहे. दहा-पंधरा वर्षांच्या टाकीच्या बुडाला आणि भिंतींना जो डिंकासारखा थर बसलेला असतो तो ते सोडवतं. पहिल्या एक-दोन टाक्यांत तो सगळा गाळ निघून फिल्टरला येतो. मग गाडी चढाला दम तोडते, हातपंप मारला की चालते, परत बंद पडते. एका विटावाल्या तात्यांचा 1613 ट्रक असाच आला होता. त्यांनी पंप उतरवायलाच सांगितलं. मी आधी फिल्टर काढून कटरनं डबा कापला. आतला कागद, जो नवा असताना पिवळसर असतो, तो चॉकलेटी चिकट गाळानं लिंपलेला होता. बोट फिरवलं तर बोट काळं आणि बुळबुळीत. तात्या म्हणाले, "हे बायोडिझेलात होतं का काय?" म्हटलं, तात्या, हे तुमच्याच टाकीत होतं, त्यानं नुसतं बाहेर काढलं. टाकी उतरवून धुतली, दोन फिल्टर बदलले, पंपाला हातसुद्धा लावला नाही.

रबराचंही तसंच. जुन्या गाड्यांच्या डिझेल लाइनचं साधं रबर बायोडिझेलनं फुगतं, मऊ पडतं आणि पाझरायला लागतं. व्हायटॉनचे पाइप आणि रिंगा टिकतात, महाग असतात. कमी टक्क्याच्या मिश्रणात हा त्रास थोडा, शंभर टक्क्यात भरपूर. तांबं, पितळ, जस्त यांच्याशीही त्याचं जमत नाही, म्हणून जस्ताचा मुलामा असलेल्या पिंपात साठवू नये. आणि साठवूच नये खरं तर. हवेनं ते खराब होतं, पाणी धरतं, पाण्यात जंतू वाढतात. हंगाम संपल्यावर गाडी जूनपासून दिवाळीपर्यंत उभी राहणार असेल तर टाकीत साधं डिझेल ठेवा.

थंडीत आणखी एक गंमत. आपल्याकडचं पुष्कळ बायोडिझेल आयात केलेल्या पाम स्टिअरिनपासून, म्हणजे पाम तेलाच्या घट्ट भागापासून, बनतं. ते 15 अंशांच्या आसपास गढूळ व्हायला लागतं. डिसेंबरच्या पहाटे पाटणच्या बाजूला उभी असलेली गाडी सेल्फ मारूनही उठत नाही, उठली तर पांढरा धूर काढते. पांढरा म्हणजे न जळलेलं इंधन. गाडी तापली की थांबतो. तापल्यावरही थांबला नाही तर मात्र टायमिंग, कॉम्प्रेशन किंवा हेड गॅसकेट बघावं लागतं. निळा असेल तर इंजिन ऑइल जळतंय, तो आमचा विषय नाही, बोअर-पिस्टनवाल्याकडे जा.

इथवरचं सगळं खऱ्या बायोडिझेलबद्दल झालं. आमच्याकडे बायोडिझेलच्या नावानं जे येतं त्यातलं कितीतरी बायोडिझेल नसतंच, आणि नाव मात्र त्याचं बदनाम होतं.

दोन जाती आहेत. पहिली घरगुती. फरसाणवाल्याचा स्वतःचा टेंपो असतो आणि कढईतलं जळकं तेल असतं. फडक्यानं गाळायचं, डिझेलमध्ये ओतायचं, झालं "बायो". गाडी सुरू होते, भज्यांचा वास येतो, मालक खूश. पण तेल हे तेलच असतं. 40 अंशांना डिझेलचा दाटपणा 2 ते 4.5 सेंटिस्टोक, आणि खाद्यतेलाचा 30 ते 40. एवढं दाट तेल नोझलच्या केसाएवढ्या भोकातून फवारलं जात नाही, धारच पडते. काही महिन्यांनी नोझल उतरवलं तर टोकावर कार्बन फुलकोबीसारखा फुललेला असतो, भोकं दिसतच नाहीत. रिंगा चिकटतात, न जळलेलं तेल खाली चेंबरमध्ये उतरून इंजिन ऑइल दाट होतं. धूर कमी करायला गेलेला माणूस धूर वाढवून येतो.

तेलाचं बायोडिझेल करायला प्रक्रिया लागते. 100 किलो तेलाला साधारण 10-11 किलो मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा किंवा पोटॅश, गरम करून ढवळायचं. ग्लिसरिन खाली बसतं, ते काढायचं, वरचं धुवायचं, सुकवायचं. दाटपणा मग डिझेलच्या जवळ, 4 ते 5 वर येतो. हे घराच्या मागं पातेल्यात करायचं काम नाही. मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची ज्योत उजेडात नीट दिसतही नाही.

दुसरी जात जास्त वाईट, कारण ती ठरवून केलेली आहे. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत डिझेलनं शंभरी ओलांडली. त्या सुमाराला हायवेच्या कडेला, ढाब्याच्या मागं, टँकरमधून स्वस्त "बायोडिझेल" मिळायला लागलं होतं. गुजरातमध्ये तर त्याच्यावर मोठ्या धाडी पडल्या. त्यातलं बरंचसं औद्योगिक वापराचं तेल, बेस ऑइल, सॉल्व्हंट असलं काहीतरी असायचं, ज्यात वनस्पतीचा एक थेंब नाही. केंद्र सरकारची 30 एप्रिल 2019 ची अधिसूचना स्पष्ट आहे. शंभर टक्के बायोडिझेल विकायचं ते डिझेलमध्ये मिसळण्यासाठी, आणि तेही आयएस 15607 या मानकाचं. "थेट टाकी फुल करा, वीस रुपये स्वस्त" हे त्यात कुठंच बसत नाही.

त्याच दिवसांत कर्नाटकातून परत आलेली एक दहाचाकी आमच्या दारात लागली. ड्रायव्हर म्हणाला, "मामा, धूर लई कमी झालाय, पण गाडी खडखड करतीया." खरंच, धूर कमी होता. पंपात एलिमेंट, म्हणजे प्लंजर आणि तो ज्यात सरकतो ते बॅरल, ओरबाडलेले निघाले. ज्या इंधनात वंगण नाही, त्यानं प्लंजर आणि बॅरलमध्ये लोखंडावर लोखंड घासतं. खऱ्या बायोडिझेलचा हा तर सगळ्यात मोठा गुण आहे की ते वंगण वाढवतं. बीएस-6 च्या डिझेलमध्ये गंधक 10 पीपीएमवर आणलं, ते काढताना डिझेलचं नैसर्गिक वंगणही कमी होतं, आणि तिथं एक-दोन टक्के बायोडिझेलही उपयोगी पडतं. म्हणजे गाडीत गेलं होतं ते बायोडिझेलच्या अगदी उलट.

ड्रायव्हरकडे कॅनमध्ये थोडं उरलं होतं. त्यावर मी जी तपासणी केली ती सोपी आहे. काचेच्या उभ्या बाटलीत 27 मिलि शुद्ध मिथेनॉल घ्यायचं, त्यात 3 मिलि ते "बायोडिझेल" टाकायचं, झाकण लावून हलवायचं आणि तसंच ठेवून द्यायचं. खरं बायोडिझेल मिथेनॉलमध्ये पूर्ण विरघळतं, बाटली स्वच्छ दिसते. प्रक्रिया अर्धवट राहिली असेल तर तळाला छोटा थेंब जमतो, ते न बदललेलं तेल. त्या दिवशी तळाला जवळजवळ सगळे 3 मिलि जसेच्या तसे येऊन बसले. ड्रायव्हर बाटलीकडे बघत राहिला. मालकाला फोन लावून म्हणाला, "शेठ, हे त्यातलं न्हाईच." शेठनं पलीकडून काय म्हटलं ते इथं लिहिता येणार नाही.

ही तपासणी शंभर टक्के बायोडिझेललाच लागू होते, डिझेल मिसळलेल्याला नाही. आणि बाटली स्वच्छ आली म्हणजे माल मानकाचा आहे असंही नाही, त्यात पाणी, आम्लता, साबण किती ते प्रयोगशाळाच सांगेल. पण लबाडी पकडायला पुरते. मिथेनॉल हाताळताना हातमोजे घाला, बिडी बाहेर ठेवा.

बायोडिझेलचा प्रचार करणारे दर 10 ऑगस्टला, जागतिक जैवइंधन दिनी, सांगतात की 1893 मध्ये या दिवशी रुडॉल्फ डिझेलनं शेंगदाण्याच्या तेलावर इंजिन चालवलं. आमच्या सातारा-सांगलीच्या माणसाला शेंगतेल म्हटलं की लगेच आपलेपणा वाटतो. पण 10 ऑगस्ट 1893 ला ऑग्सबर्गमध्ये त्याच्या इंजिनात पहिल्यांदा इंधन पेटलं, शेंगतेलाची गोष्ट 1900 च्या पॅरिस प्रदर्शनातली आहे. दोन गोष्टींची एक झाली.

तशीच गोष्ट मोगली एरंडाची. वीसेक वर्षांपूर्वी पडीक रानात लावा, तेल निघेल, डिझेलला पर्याय मिळेल म्हणून केवढा गाजावाजा होता. पाणी आणि खत नसलेल्या पडीक रानात झाड जगतं, बी देत नाही, हे शेतकऱ्याला आधीच विचारलं असतं तर कळलं असतं. 2009 च्या धोरणात 2017 पर्यंत 20 टक्के मिश्रण म्हटलं होतं. 2018 च्या धोरणानं ते 2030 पर्यंत बायोडिझेल 5 टक्के असं केलं, आणि प्रत्यक्ष मिश्रण त्याच्याही फार खाली आहे. मला स्वतःला आशा वाटते ती जळक्या तेलाची. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2018 पासून तळणाच्या तेलाला मर्यादा घातली, त्यातले पोलर घटक, म्हणजे परत परत तापवून तेल बिघडलं की वाढणारे घटक, 25 टक्क्यांवर गेले की ते तेल खाण्यात वापरायचं नाही, आणि असं तेल गोळा करून बायोडिझेलला द्यायची योजनाही काढली. हॉटेलवाल्यानं ते तेल गाड्यावरच्या वडेवाल्याला विकण्यापेक्षा कारखान्यात गेलेलं बरं. गाडीचा धूर कमी होईल तेवढा होईल, पोटाचा तर नक्की होईल.

बीएस-6 गाडीवाल्यांना मात्र माझं सरळ सांगणं आहे. धुरासाठी बायोडिझेल शोधू नका. तुमच्या गाडीत काजळी अडवायला फिल्टर बसवलेला आहे, काळा धूर दिसतोय म्हणजे काहीतरी बिघडलंय. डिझेलच्या आयएस 1460 मानकात 7 टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालतं, ते कंपनीच्या पंपावरच्या डिझेलमध्ये असेल तर असू दे. त्यापुढं जायचं तर गाडीचं पुस्तक काय म्हणतं ते वाचा. ज्या इंजिनात काजळीचा फिल्टर जाळून साफ करायला सिलिंडरमध्ये जादा डिझेल मारतात, त्यात बायोडिझेल लवकर उडून जात नाही, भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका. हलक्या प्रतीच्या बायोडिझेलमधलं सोडियम-पोटॅशियम त्या फिल्टरला आणि युरियाच्या कॅटॅलिस्टला (नायट्रोजन ऑक्साइड कमी करणाऱ्या भागाला) खातं ते वेगळंच. कॉमन रेलच्या एका इंजेक्टरच्या पैशात जुन्या गाडीचे सगळे नोझल होऊन वर चहा-नाश्ता होतो.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीवाल्यांनी आधी एअर फिल्टर, टर्बोचे पाइप, नोझल आणि मॅक्स स्क्रू बघून घ्यावा. तेवढ्यात धूर गेला तर बायोडिझेलचा प्रश्नच उरत नाही. तरी टाकायचंच असेल तर बिल देणाऱ्याकडून, पाचपासून सुरू करून वीस टक्क्यांच्या आत, आणि गाडीत दोन जादा फिल्टर ठेवून. आमच्याकडे दाखवायला येणार असाल तर काढलेला फिल्टर फेकू नका, पिशवीत घालून तसाच आणा. टाकीतलं अर्धा लिटर इंधनही आणा, काचेच्या बाटलीत. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या शेल्फवर पाझरतात आणि पोरं वैतागतात. सोमवारी बंद असतं.